नोकरीला बांधलेली गाडी

वार्षिक पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल, तर कंपनीमार्फत विजेची गाडी लीजवर घेऊन आयकरात एक रुपयाही वाचत नाही. एचआरच्या रंगीत पत्रकात ही पहिली ओळ हवी. सुर्ल्याच्या एका मुलाने मला जे पत्रक दाखवले, त्यात ती कुठेच नव्हती. तिथे मोठ्या अक्षरांत होते, 'तीस टक्क्यांपर्यंत करबचत'. मुलगा वेर्ण्याला कामाला, पगार महिना सत्तर हजार, त्यातले बावीस हजार गाडीसाठी कापले जाणार. "मामा, सही करू ना?" त्याने विचारले. मी नको म्हणालो. का, ते इथे सविस्तर लिहितो, कारण डिचोली आणि पेडण्यात हा प्रश्न आता एकट्या त्याचा राहणार नाही.

आधी हा व्यवहार चालतो कसा, ते पाहू. कंपनी एका लीजिंग कंपनीकडून गाडी भाड्याने घेते आणि कर्मचाऱ्याला वापरायला देते. भाडे कर्मचाऱ्याच्याच पगारातून जाते, पण कर मोजण्याआधी जाते. म्हणजे तेवढा पगार कागदावर कमी झाला. त्या बदल्यात मिळालेल्या गाडीची किंमत आयकर खात्याने फार कमी धरली आहे. १९६२ च्या आयकर नियमांत ती वर्षानुवर्षे १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना १,८०० रुपये, त्याहून मोठ्या इंजिनाला २,४०० रुपये आणि चालक दिला तर वर ९०० रुपये अशी होती. तीन लाख पगार कमी झाला आणि करासाठी वाढले वर्षाचे २१,६०० रुपये. सगळी बचत या फरकात आहे.

नियम लिहिला तेव्हा विजेची गाडी कोणाच्या मनातही नव्हती. तिला इंजिनच नाही, मग लिटर कुठून मोजणार? व्यवहारात तिला लहान इंजिनाच्या रांगेत बसवले गेले आणि सर्वांचे काम भागले. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो आणि त्याबरोबर नियमही नवे येतात. म्हणून एचआरने जुन्या आकड्यांवर मांडलेले गणित दाखवले, तर ते बाजूला ठेवायला सांगा आणि चालू वर्षाचा आकडा लेखी मागा.

आता हिशेब. दर २०२५-२६ चे, नव्या करप्रणालीचे. गाडीची किंमत जुन्या १,८०० रुपयांनी. लीज महिना पंचवीस हजारांचे. पगार तीस लाख असेल तर वर्षाला सुमारे ८७ हजार कर वाचतो. अठरा लाख असेल तर सुमारे ५० हजार. पंधरा लाखांवाल्याचे तर नशीबच उघडते. लीजमुळे त्याचे करपात्र उत्पन्न बारा लाखांखाली येते, तिथे सूट लागू होते आणि साडेसत्त्याण्णव हजारांचा पूर्ण कर शून्यावर येतो. सत्तर हजार महिन्यावाल्याचे वार्षिक उत्पन्न आठ लाख चाळीस हजार. त्याला कर मुळातच शून्य. शून्यातून काय वाचवणार? त्याने पगार कापून घेतला, त्याला फक्त भाडे लागले.

एक अट तर पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांतही नव्हती. ही सवलतीची किंमत तेव्हाच लागते, जेव्हा गाडी काही प्रमाणात कंपनीच्या कामासाठी वापरली जाते. गाडी निव्वळ घरगुती कामाला, म्हणजे म्हापशाचा बाजार, माशेलची जत्रा, बायकोचे माहेर एवढ्यासाठीच फिरत असेल, तर कंपनीने भरलेले सगळे भाडे पगारात धरून त्यावर कर लागतो. चौकशी झाली तर उत्तर कंपनीने द्यायचे आणि फरक कर्मचाऱ्याने भरायचा.

पत्रकातला दुसरा आकडा इंधनाच्या बचतीचा होता, आणि तो खरा आहे. सुर्ल्याहून पणजीला रोज जाऊन-येऊन साठ-पासष्ट किलोमीटर धरा. पेट्रोलच्या गाडीला चार लिटरच्या वर लागते, म्हणजे चारशे रुपयांच्या आसपास. विजेच्या गाडीला नऊ-दहा युनिट लागतात. युनिटला सहा रुपये धरले तरी साठ रुपये. महिन्याला आठ-साडेआठ हजारांचा फरक पडतो. घरापुढे अंगण आहे, पंधरा अँपिअरचा प्लग बसवता येतो, रात्री आठ-नऊ तास गाडी लावून ठेवली की लहान बॅटरी भरते. शहरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यापेक्षा आमच्या गावातल्या माणसाला विजेची गाडी जास्त सोयीची आहे, हे मी मनापासून मानतो. पण ही बचत गाडीची आहे, लीजची नाही. कर्ज काढून घेतली तरी ती तेवढीच होते. पत्रकाने दोन्ही बचती एका बेरजेत घातल्या होत्या, आणि तिथेच माझा विश्वास उडाला.

कर्जाचा हिशेब शेजारी ठेवा. दहा लाख रुपये, नऊ टक्के व्याज, पाच वर्षे, तर हप्ता वीस हजार सातशे साठच्या आसपास येतो. पाच वर्षांनी गाडी आपली. लीजच्या भाड्यात विमा आणि देखभाल येते, ही मोठी सोय आहे, ती नाकारत नाही. पण मुदत संपली की गाडी परत करायची किंवा उरलेली किंमत भरून ठेवून घ्यायची. चार वर्षे भाडे भरूनही ती दुसऱ्याची.

सरकारचे धोरण इथे मला खटकते. विजेच्या गाडीच्या कर्जावरील व्याजाला दीड लाखांपर्यंत वजावट देणारे ८० ईईबी हे कलम २०१९ मध्ये आले. ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच ते लागू राहिले, पुढे मुदत वाढली नाही. बँकेत जाऊन स्वतःच्या नावावर कर्ज काढणाऱ्या शिक्षकाची, दुकानदाराची, छोट्या ठेकेदाराची वाट बंद झाली. मोठ्या पगाराच्या नोकरदाराची कंपनीमार्फतची वाट उघडी राहिली. ज्याला मदतीची गरज जास्त, त्याच्यासमोर दार बंद. हे धोरण चुकीचे आहे.

तरीही सुर्ल्याच्या मुलाला नको म्हणण्याचे माझे मोठे कारण कराचे नव्हते.

डिचोली तालुक्यातले सुर्ला हे खाणीचे गाव. पाळी, वेळगे, कोठंबी, न्हावेली, आमोणा हा सगळा पट्टा त्याच धंद्यावर वाढला. खाणीतून खनिज टिपरमध्ये, टिपर धक्क्यावर, धक्क्यावरून बार्जमध्ये, आणि मांडवीतून मुरगाव बंदराकडे. चीनची मागणी वाढली तसा फेऱ्यांचा भाव वाढला. शेत विकून, दागिने गहाण ठेवून, अर्बन बँकेचे किंवा पतसंस्थेचे कर्ज काढून घराघरांत टिपर आले. एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले. हप्ता फेऱ्यांतून सुटत होता, तोवर कोणालाच प्रश्न पडला नाही की खाण थांबली तर काय. गाडी आपल्या नावावर, पण तिची कमाई एकाच कंपनीच्या एकाच रस्त्यावर.

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये बेकायदा खाणकामावरचा शाह आयोगाचा अहवाल संसदेत आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. दुसऱ्या महिन्यापासून बँकेचे पत्र येऊ लागले. टिपर माडांखाली, रस्त्याच्या कडेला, पडवीसमोर उभे राहिले. टायर बसले, बॅटऱ्या मेल्या, हप्ते मात्र चालू. २०१४ मध्ये राज्य सरकारला खाणग्रस्तांसाठी कर्जमुक्तीची योजना आणावी लागली. पुढे काम पुन्हा सुरू झाले, माणसांनी पुन्हा गाड्या दुरुस्त केल्या, काहींनी पुन्हा कर्ज काढले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून सगळे परत बंद. त्या कुटुंबांतली मुले आज पंचविशी-तिशीत आहेत. बापाचा टिपर बँकेने नेताना त्यांनी पाहिला आहे.

म्हणून मी त्या मुलाला एकच प्रश्न विचारला. "उद्या नोकरी सुटली, तर गाडीचे काय?" त्याला ठाऊक नव्हते. पत्रकात नव्हते. आम्ही दोघांनी मिळून कराराचा मसुदा मागवला, तेव्हा मागच्या पानांवर ते सापडले.

अशा करारांत साधारण तीन वाटा असतात. नवी कंपनी त्याच लीजिंग कंपनीशी जोडलेली असेल, तर लीज तिकडे नेता येते. नसेल तर उरलेली रक्कम एकदम भरून गाडी विकत घ्यायची. तेही जमत नसेल तर गाडी परत करून दंड भरायचा. दंड किती, हे करारागणिक बदलते. कुठे काही महिन्यांचे भाडे, कुठे उरलेल्या भाड्याचा मोठा हिस्सा. आणि तो शेवटच्या हिशेबातून, म्हणजे ज्या पैशांवर माणूस पुढची नोकरी मिळेपर्यंत जगणार, त्यांतूनच कापला जातो. नोकरी आपण सोडली काय किंवा कंपनीने काढले काय, अनेक करारांत फरक पडत नाही. ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. कंपनीने माणूस कमी केला, तर दंड कंपनीने सोसला पाहिजे. सही करण्याआधी एवढी एक ओळ करारात घालून मागा. घालणार नसतील, तर नोकरीच्या खात्रीबद्दल कंपनीचे स्वतःचे मत काय आहे, ते कळले.

बाळंतपणाची लांबलेली रजा, आजारपणाची बिनपगारी रजा, यांतही भाडे थांबत नाही. गृहकर्जाला अर्ज केला की बँक हातात येणारा पगार पाहते, आणि तो कमी झालेला असतो. कापलेली रक्कम मूळ वेतनातून गेली की भत्त्यांतून, हेही विचारा. मूळ वेतन घटले तर भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी दोन्ही घटतात. वीस वर्षांनी निवृत्त होताना त्या गाडीची किंमत दुसऱ्यांदा मोजावी लागेल.

लीजिंग कंपनीच बुडाली तर? हा प्रश्न आता कल्पनेतला राहिलेला नाही. जेन्सोल इंजिनिअरिंग या कंपनीने ६,४०० विजेच्या गाड्या घेण्यासाठी सरकारी वित्तसंस्थांकडून कर्ज घेतले आणि प्रत्यक्षात घेतल्या ४,७०४. त्या गाड्या ब्लूस्मार्ट या टॅक्सी सेवेला भाड्याने दिल्या होत्या. एप्रिल २०२५ मध्ये सेबीने जेन्सोलविरुद्ध अंतरिम आदेश काढला आणि दोन दिवसांत दिल्ली, बंगळुरू, मुंबईतली ब्लूस्मार्टची सेवा बंद पडली. गाड्या धडधाकट, चालक कामाला तयार, आणि चाके थांबलेली. डिचोलीतल्या वाचकाला हे चित्र नवीन नाही.

परदेशात ही पद्धत जुनी आहे. ब्रिटनमध्ये कंपनीने दिलेल्या विजेच्या गाडीवर कर्मचाऱ्याला कराच्या हिशेबात गाडीच्या किमतीच्या जेमतेम २ टक्के धरले जात. २०२५-२६ ला ते ३ टक्के झाले. जास्त धूर सोडणाऱ्या पेट्रोलच्या गाडीला हाच आकडा ३७ टक्क्यांपर्यंत जातो. त्यामुळे तिथे पगार कापून विजेची गाडी घेण्याची लाट आली. पण त्या देशाने एक कुंपण घातले आहे. कपातीनंतर पगार किमान वेतनाखाली जाता कामा नये. स्विंडनच्या गोदामांत किमान वेतनाच्या आसपास काम करणारे आमचे शेकडो गोवेकर त्यामुळे या योजनेच्या बाहेरच राहतात. लाभ तिथेही वरच्या पगाराला, हे खरे. पण तळच्या माणसाला निदान सापळ्यात पाय घालू दिला जात नाही. आपल्याकडे वेतनसंहितेत एकूण कपातीला वेतनाच्या निम्म्याची मर्यादा आहे. निम्मा पगार गेल्यावर सुर्ल्यातले घर कसे चालते, ते ज्याच्या घरात दोनच माणसे कमावती आहेत त्याला विचारा.

आणि ही सगळी चर्चा कायम नोकरीवाल्यांची. पेडण्यात मोपाचा मनोहर विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाला. जमिनी गेलेल्या गावांतल्या मुलांना तिथे नोकऱ्यांची आशा होती. विमानतळासारख्या ठिकाणी बरीचशी कामे ठेकेदारामार्फत चालतात, आणि ठेकेदाराच्या कामगाराला कोणी लीजचे पत्रक पाठवत नाही. तो पहाटेच्या पाळीला दुचाकीने जातो, पावसाळ्यात भिजत जातो. औद्योगिक वसाहतींतल्या ठेक्यावरच्या कामगारांचीही हीच गत. हरित वाहतुकीच्या धोरणात या माणसाची जागा कुठे आहे?

जुलै २०२३ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जाहीर केले होते की जानेवारी २०२४ पासून गोव्यात येणारे प्रत्येक नवे पर्यटन वाहन विजेचे असेल. पाहुण्यांच्या गाड्यांचा विचार झाला, चांगले झाले. सुर्ला त्यांच्याच साखळी मतदारसंघात आहे, आणि कोठंबी हे त्यांचे गाव इथून हाकेच्या अंतरावर. इथल्या कामगाराच्या प्रवासाचा विचारही त्यांनीच करायला हवा. राज्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येशी स्पर्धा करते आहे. पर्वरीच्या कोंडीत अडकलेली विजेची गाडीही उभीच असते. धूर सोडत नाही, पण माणसाचा तास खातेच.

केंद्राने १ ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह योजना आणली. १०,९०० कोटींची. तिच्यात विजेच्या मोटारींना अनुदान नाही. १४,०२८ विजेच्या बसगाड्यांसाठी मात्र ४,३९१ कोटी ठेवले आहेत. ही प्राथमिकता मला पटते. गोव्यातही कदंब महामंडळाकडे विजेच्या बसगाड्या आल्या, त्यांत बसून पाहा. आवाज नाही, धूर नाही, पाठ दुखत नाही. पण आतल्या गावांत रात्री आठनंतर बस मिळणे अजून कठीण आहे. दुसऱ्या पाळीतून सुटणारी मुलगी भावाच्या दुचाकीची वाट पाहत गेटवर थांबते. सकाळी सहाची एक, रात्री साडेदहाची एक, साखळी, सुर्ला, उसगाव, फोंडा अशी फिरणारी बस सुरू झाली, तर अनेक घरांना गाडी घ्यावीच लागणार नाही. ना लीज, ना हप्ता, ना करार.

ज्यांचा पगार मोठा, नोकरी पक्की, रोजचा प्रवास लांबचा, त्यांनी करार वाचून, नोकरी सुटल्यावरचा आकडा लेखी घेऊन खुशाल सही करावी. गाडी चांगली आहे आणि त्यांचा फायदाही खरा आहे. सुर्ला, पाळी, वेळग्याच्या बाकीच्या वाचकांना माझी विनंती वेगळी आहे. येत्या ग्रामसभेत पाळीच्या वेळांना जुळणाऱ्या विजेच्या बसचा ठराव मांडा. आपल्या वाड्यातून कोण कुठल्या कारखान्यात, कुठल्या पाळीला जातो, त्याची यादी ठरावाला जोडा. एक प्रत कदंब महामंडळाला द्या, एक वाहतूक खात्याला, एक साखळीच्या आमदारांना, आणि प्रत्येक प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.